मोबाईलवाल्या वर्गात शिकवताना : खान्देशात नव्याने रुजू झालेल्या शिक्षकांसाठी

पवित्र पोर्टलच्या (शिक्षक भरतीच्या सरकारी संकेतस्थळाच्या) यादीत नाव लागून कुणी जामनेरला रुजू होतं, कुणी साक्रीला, कुणी पार नवापूर-धडगावकडे. महिनाभरात या नव्या शिक्षणसेवकांची एक तक्रार ठरलेली असते. "सर, पोरं मोबाईलमध्ये आपल्या पुढे आहेत. मी फळ्यावर आकृती काढेपर्यंत मागच्या बाकावरून आवाज येतो, 'गुगलमा शे ना (गुगलमध्ये आहे ना) सर!' मग मी शिकवायचं काय?"

बी.एड.ला स्मार्टबोर्डवर आदर्श पाठ घेतलेला असतो. इथे वर्गखोलीत एकच सॉकेट, तेही सैल, आणि नेट खिडकीजवळ उभं राहिलं तरच. आठवी ते दहावीला शिकवताना जे उपयोगी पडतं ते खाली क्रमाने देतोय. पाचवी ते सातवीला थोड्या फेरफाराने चालेल. पहिली-दुसरीचं काम वेगळं आहे, ते इथे घेतलेलं नाही.

माझं मत आधीच सांगून टाकतो. वर्गात यंत्र आणायच्या आधी प्रश्न बदलावा लागतो. प्रश्न जुनाच ठेवला तर भिंतीवर कितीही मोठं पॅनेल लावा, तास पूर्वीचाच राहतो, फक्त वीजबिल वाढतं.

१. मुलांना नक्की काय येतं ते तपासा

"आजकालच्या मुलांना सगळं येतं" हे स्टाफरूममधलं वाक्य मनावर घेऊ नका. 'असर' या शालेय शिक्षणाच्या देशव्यापी पाहणीच्या २०२४ च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या १४ ते १६ वयाच्या मुलांची पाहणी आहे. सुमारे ८२ टक्के मुलांनी स्मार्टफोन वापरता येतो असं सांगितलं. त्यांच्यापैकी आदल्या आठवड्यात अभ्यासासाठी फोन हातात घेतलेले ५७ टक्के, समाजमाध्यमांसाठी ७६ टक्के. तुमच्या वर्गातही आठवडाभरात हेच दिसेल. खान्देशातल्या कानबाई देवीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ कापून, गाणं चढवून, अर्ध्या तासात स्टेटसला टाकणारा मुलगा ई-मेलला फाइल जोडायची म्हटलं की थांबतो. देवनागरीत सलग चार ओळी टाइप करता येत नाहीत, कारण एरवी तो इंग्रजी अक्षरांत मराठी लिहितो. आणि शोधल्यावर जे पहिलं दिसेल ते त्याच्या लेखी खरं.

संगणक कक्षात किंवा शाळेच्या टॅबवर चार लहान कामं देऊन बघा:

- आपल्या गावाबद्दल तीन वाक्यं देवनागरीत टाइप करणे
- ती फाइल नाव देऊन ठेवणे आणि दुसऱ्या दिवशी शोधून काढणे
- एका प्रश्नाचं उत्तर दोन वेगळ्या ठिकाणांहून शोधणे आणि कुठून घेतलं ते लिहिणे
- बळकट पासवर्ड तयार करणे (निम्मा वर्ग स्वतःचं नाव आणि १२३ लिहील, बघाच)

दुसरी पाहणी घरच्या फोनची. ती हात वर करायला लावून कधीही करू नका. ज्याच्या घरी साधा बटणांचा फोन आहे तो मुलगाही हात वर करतो, आणि तुमचं पुढचं नियोजन त्या खोट्या आकड्यावर उभं राहतं. प्रत्येकाला कागद द्या, घडी करून घ्या, आणि एवढंच विचारा: घरी स्मार्टफोन आहे का? कुणाचा? तो संध्याकाळी किती वाजता घरी येतो? रिचार्ज संपल्यावर किती दिवस बंद राहतो? तुला हातात मिळतो का?

शेवटचा प्रश्न मुलींसाठी फार महत्त्वाचा. एकाच घरात दादाला फोन मिळतो आणि बहिणीला "तुले काय करनं मोबाईल" असं ऐकावं लागतं. फोन कधी घरी येतो हेही बघा. वडील एमआयडीसीत दुसऱ्या पाळीला असतील तर रात्री अकरानंतर. नंदुरबार आणि साक्रीच्या पट्ट्यात दिवाळीनंतर काही कुटुंबं ऊसतोडीला जातात, त्यांच्याबरोबर फोनही जातो. हे ठाऊक नसताना "व्हिडिओ बघून या" असा गृहपाठ दिला की वर्गाचे दोन तुकडे पडतात आणि आपल्याला कळतही नाही.

२. कागदपत्रं आधी, उत्साह नंतर

हा भाग कंटाळवाणा आहे, पण वगळलात तर पुढे कधीतरी नडतोच. जवळ ठेवायचे कागद:

- मुख्याध्यापकांची लेखी परवानगी: कोणत्या वर्गात, कोणत्या तासाला, कोणतं साधन वापरणार
- पालकांचं संमतीपत्र, सोप्या मराठीत, एका पानाचं. मुलांचे फोटो, आवाज किंवा व्हिडिओ घेणार असाल तर त्याचा वेगळा रकाना
- साधन लोकसहभागातून किंवा ग्रामपंचायतीकडून मिळालं असेल तर शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावाची प्रत
- डेडस्टॉक रजिस्टरमधली (शाळेच्या टिकाऊ सामानाच्या नोंदवहीतली) नोंद, बिलाची प्रत आणि वॉरंटी कार्ड
- शाळेत विद्यार्थ्यांच्या मोबाईलबद्दल जो नियम असेल त्याची प्रत

वैयक्तिक डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा १८ वर्षांखालच्या प्रत्येकाला बालक मानतो आणि त्याची माहिती वापरायला पालकांची संमती मागतो. कुठल्याशा मोफत अॅपवर अख्ख्या वर्गाची नावं, जन्मतारखा आणि पालकांचे नंबर भरण्याआधी हे आठवा. प्रश्नमंजुषेच्या अॅपला हजेरी क्रमांक पुरतो, नाव द्यायची गरज नसते.

सापळा : देणगीत आलेला जुना संगणक नोंद न करता वर्गात ठेवणे. तो बिघडला की जबाबदारी तुमची, चोरीला गेला की पंचनामा तुमच्या नावाने.

३. सामान : जेवढं लागतं तेवढंच

मोठी यादी करू नका. एवढ्यावर वर्षभर भागतं:

- स्वतःचा फोन, आणि त्यात शाळेच्या कामासाठी वेगळं ई-मेल खातं
- पेनड्राइव्ह, आणि तो फोनला जोडायचा छोटा ओटीजी
- एचडीएमआय केबल, लांब. आखूड घेतली की टीव्ही आणि टेबल यांच्यामध्ये मुलांच्या पायात येते
- लहान स्पीकर. चाळीस मुलांच्या वर्गात फोनचा आवाज तिसऱ्या बाकापर्यंतही जात नाही
- चांगल्या प्रतीचा एक्स्टेन्शन बोर्ड
- अ, ब, क, ड लिहिलेल्या पुठ्ठ्याच्या पट्ट्या, प्रत्येक मुलाला एक संच

शाळेला घ्यायचं असेल तर प्रोजेक्टर की टीव्ही, हा वाद होतोच. आपल्याकडच्या उजेडात मी टीव्हीच्या बाजूने आहे. स्वस्त प्रोजेक्टर फेब्रुवारीनंतर भरदुपारी फिका पडतो. मग खिडक्यांना काळं कापड लावायचं, आणि भुसावळ-जळगावच्या उन्हाळ्यात खिडक्या बंद करून चाळीस मुलं कोंबायची. दहा मिनिटांत वर्ग घामाघूम, आणि त्या अवस्थेत कुणी काही शिकत नाही. सकाळची शाळा सुरू झाली की पडद्यावरचे तास पहिल्या दोन तासिकांत ठेवा. इन्व्हर्टर असेल तर त्यावर फक्त टीव्ही आणि एक पंखा जोडा; कार्यालयातला झेरॉक्सही त्यावरच टाकला की लाइट गेल्यावर तो पाच मिनिटंही तग धरत नाही.

पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना हसू नका. तुम्ही प्रश्न विचारला की सगळ्यांनी एकदम पट्टी वर करायची. कुणाला समजलं नाही ते एका नजरेत दिसतं. हेच काम प्लिकर्स नावाचं अॅप छापील कार्डांवर करतं: मुलांना फोन लागत नाही, शिक्षकाच्या फोनचा कॅमेरा सगळी कार्डं वाचतो आणि निकाल साठवतो. पट्ट्यांची सवय झाली की मग त्याकडे वळा.

४. नेटवर भरवसा ठेवू नका

नियम साधा: वर्गात जे दाखवायचं ते आदल्या रात्री फोनमध्ये उतरवलेलं असावं. "सर, आठे (इथे) नेट चालत नही" हे ऐकायला लागलं की तो तास गेला.

बालभारतीच्या पुस्तकांवरचे क्यूआर कोड दीक्षा या सरकारी शैक्षणिक अॅपमधून उघडतात आणि त्यातला बराच मजकूर उतरवून ठेवता येतो. पण कोड आधी स्वतः उघडून बघा. काही ठिकाणी छान प्रयोग मिळतो, काही ठिकाणी धड्यातलाच मजकूर कुणीतरी वाचून दाखवलेला असतो. दुसऱ्या प्रकारचं वर्गात लावण्यात अर्थ नाही, तेवढं वाचन तुमच्या तोंडून जास्त चांगलं होईल.

विज्ञानासाठी कोलोरॅडो विद्यापीठाचं फेट (पडद्यावर करायचे प्रयोग) घ्या. मोफत आहे, पुष्कळ प्रयोग मराठीत आहेत, आणि उतरवून ठेवले की ब्राउझरमध्ये नेटशिवाय चालतात. नववीच्या 'धाराविद्युत' पाठाला त्यातला परिपथ जोडायचा प्रयोग लावा. बल्ब, तार, घट मुलांनीच ओढून जोडायचे, आणि जाणूनबुजून शॉर्ट सर्किटही करून बघायचं. शाळेत खरा अमीटर असेल तर आधी तो, मग हे; क्रम उलटा करू नका. भूमितीच्या आकृत्या काढायला जिओजेब्रा हे अॅप. विश्वकोशासारखं काही हवं असेल तर किविक्स या अॅपवर अख्खा मराठी विकिपीडिया नेटशिवाय वाचता येतो, संगणक कक्ष असलेल्या शाळेला ही मोठी सोय आहे.

सापळा : यूट्यूब थेट लावणे. पाठ सुरू होण्याआधी जाहिरात, संपल्यावर आपोआप भलताच व्हिडिओ, आणि बाजूच्या रांगेत तुम्ही काल रात्री काय बघितलं ते सगळ्या वर्गाला दिसतं. वर्गासाठी वेगळं खातं का हवं ते इथे कळतं.

५. प्रश्न बदला

या मुद्द्यासाठी बाकीचा लेख आहे, म्हणून इथे जरा थांबतो.

"तापी नदीचा उगम कोठे होतो?" या प्रश्नाचं उत्तर फोन दोन सेकंदांत देतो: मध्य प्रदेशात बैतूल जिल्ह्यातल्या मुलताईला. तो प्रश्न परीक्षेला येईल, तो पाठही करून घ्या. पण त्यावर पस्तीस मिनिटांची तासिका काढलीत तर मागच्या बाकावरचा 'गुगलमा शे ना' म्हणणारा बरोबर आहे आणि तुम्ही चूक.

आता धुळ्याच्या मुलांपुढे दुसरा प्रश्न ठेवून बघा. "पांझरा साक्रीकडून येते, पूर्वेला वाहते. धुळं ओलांडल्यावर उत्तरेला वळते. जिला जाऊन मिळते ती तापी मात्र पश्चिमेला निघालेली. पूर्वेला चाललेलं पाणी शेवटी पश्चिमेच्या समुद्रात कसं पोचतं?"

पहिली पाच मिनिटं यंत्र बंद ठेवा. मुलांना वहीत अंदाजाने तीन रेघा काढू द्या: सातपुडा, तापी, पांझरा. निम्म्यांचा सातपुडा दक्षिणेला गेलेला असतो. मग टीव्हीवर गुगल अर्थ लावा (नेट नसेल तर आदल्या दिवशी स्क्रीन रेकॉर्ड करून ठेवलेली फीत). संगणकावर माउस जिथे नेऊ तिथली समुद्रसपाटीपासूनची उंची खाली दिसते. एका मुलाला माउस द्या, दुसऱ्याला खडू. पहिल्याने साक्रीच्या पश्चिमेचा डोंगर, साक्री, धुळे आणि पांझरा-तापीचा संगम या क्रमाने माउस न्यायचा, दुसऱ्याने उंची फळ्यावर मांडायची. आकडे उतरत जाताना दिसले की मुलंच म्हणतात, "सर, सह्याद्रीकडून उतार इकडे आहे, आणि तापी त्याहून खाली आहे." मग तापीवर सुरतेपर्यंत जायचं. उत्तरेला सातपुड्याची भिंत, खाली खोल खोरं, आणि त्या खोऱ्याचं तोंड अरबी समुद्राकडे. खचदरी (जमीन खचून झालेली दरी) हा शब्द इथे लिहा, आधी नको. जळगावकडे शिकवत असाल तर हाच खेळ गिरणेवर खेळता येतो.

या तासात यंत्र किती वेळ वापरलं? फार तर दहा-बारा मिनिटं. पण ती दहा मिनिटं अशा ठिकाणी वापरली जिथे नुसता फळा अपुरा पडला असता. पाठ आखताना एवढंच विचारा: हे यंत्राशिवाय होतं का? होत असेल तर खडू उचला.

बाकी विषयांचे नमुने थोडक्यात देतो.

गणितात सांख्यिकीला पुस्तकातली सारणी घेण्याऐवजी रावेर-यावलच्या मुलांना केळीचे भाव आणायला सांगा. वडिलांच्या फोनवर रोज येतात, रावेरचे वेगळे, बऱ्हाणपूरचे वेगळे. पंधरवड्याचे आकडे स्प्रेडशीटमध्ये भरायचे, दोन्हींचा मध्य काढायचा, आलेख काढायचा आणि सांगायचं: कोणत्या दिवशी माल तोडला असता तर बरं झालं असतं? आलेख यंत्र काढतं. "पण सर, त्या दिवशी गाडीच मिळत नव्हती" हे यंत्राला माहीत नसतं, पोराला माहीत असतं.

समीकरणं सोडवायला आता कॅमेऱ्याने गणित वाचून पायऱ्यांसकट उत्तर देणारी फोटोमॅथसारखी अॅप्स आहेत. त्यांच्यावर बंदी घालून काही होत नाही. गृहपाठ उलटा द्या: सोडवलेलं गणित द्या, त्यात एका पायरीत चूक पेरा, आणि ती चूक शोधून तशी चूक माणूस का करतो ते लिहायला सांगा.

मराठीला व्हॉइस टायपिंग फार कामाचं आहे, पण ते प्रमाण मराठीचं. आजीची अहिराणी ओवी त्याला ऐकवली की पडद्यावर काहीतरी अगम्य उमटतं आणि वर्ग खो-खो हसतो. हसू द्या, मग कामाला लावा. मुलांनी घरच्या म्हाताऱ्या माणसाकडून एक ओवी, म्हण किंवा कानबाईचं गाणं ध्वनिमुद्रित करायचं, कानाने ऐकून हाताने लिहायचं आणि यंत्राने कुठे चूक केली ते अधोरेखित करायचं. बहिणाबाईंच्या ओव्या अशाच घरच्या माणसांनी ऐकून उतरवून घेतल्या म्हणून आपल्यापर्यंत आल्या, हे सांगायला याहून चांगला तास नाही. धडगाव-मोलगीकडे पावरी किंवा भिली बोलणाऱ्या मुलांना हा पाठ द्याल तेव्हा एरवी गप्प बसणारी मुलं त्या दिवशी वर्गाची गुरू होतात.

६. एआयला घाबरू नका, आणि त्याच्यावर विश्वासही ठेवू नका

निबंधाच्या वह्यांत अचानक 'सर्वांगीण', 'अविभाज्य घटक', 'निःसंशयपणे' असे शब्द दिसायला लागले की समजा. कालपर्यंत ऱ्हस्व-दीर्घ चुकवणाऱ्याने आज 'पर्यावरणीय समतोल' बिनचूक लिहिला आहे. रागावू नका, शेजारी बसवून विचारा, "हा शब्द कुठे वापरशील ते सांग." तेवढ्यात सगळं बाहेर येतं.

निबंधाचे विषय असे द्या की यंत्राकडे माहितीच नसेल. 'पावसाळा' नको. 'आमच्या गल्लीत पाऊस आला की पाणी कुठे तुंबतं आणि का' चालेल. आणि पहिला कच्चा मसुदा वर्गातच, पेनाने, तुमच्यासमोर.

वर्गात एआय दाखवायचं ते तुमच्या फोनवरून, सगळ्यांसमोर. यातल्या बहुतेक सेवा १३ वर्षांखालच्या मुलांसाठी नाहीत आणि १८ पर्यंत पालकांची संमती मागतात, म्हणून मुलांना खाती उघडायला लावू नका. एक प्रयोग नेहमी रंगतो. त्याला बहिणाबाईंची एखादी कविता पूर्ण लिहून मागा. तो अतिशय आत्मविश्वासाने ओळी जुळवून देतो. मग मुलांनी पाठ्यपुस्तक उघडून ओळ न् ओळ ताडून बघायची. जिथे लेवा गणबोली (बहिणाबाईंच्या कवितांची बोली) घरात बोलली जाते तिथली मुलं पुस्तक न उघडताच सांगतात, "सर, असं कोणी बोलतच नाही."

खरं-खोटं तपासायचा दुसरा उत्तम धडा पावसाळ्यात आयता मिळतो. 'उद्या जिल्ह्यातील सर्व शाळांना सुट्टी' असं जिल्हाधिकाऱ्यांच्या नावाचं पत्र संध्याकाळी फोनवर फिरतं. कुणीतरी जुन्या पत्रावर तारीख बदललेली असते. ते पडद्यावर लावा आणि मुलांना पोलीस व्हायला सांगा: जावक क्रमांक कुठे आहे? तारखेच्या आकड्यांचा टाइप बाकीच्या आकड्यांशी जुळतो का? दिनांक आणि वार जुळतात का? जिल्हा माहिती कार्यालयाने हे पत्र कुठे दिलं आहे का? या एका तासात जेवढं शिकणं होतं तेवढं 'माध्यम साक्षरता' या शीर्षकाच्या भाषणाने होत नाही. (सुट्टी खरी निघाली तर अर्थातच धडा परवा.)

७. गृहपाठ : गल्लीचा गट

बहुतेक शाळांत विद्यार्थ्यांनी फोन आणायला मनाई असते आणि ती मोडायला मी सांगणार नाही. फोनचा अभ्यास घरी होतो. तिथे पहिल्या मुद्द्यातल्या घडी केलेल्या कागदांचा उपयोग होतो. राहायच्या जागेनुसार चार-चार जणांचे गट पाडा, प्रत्येक गटात एक तरी फोन येईल असं बघा, आणि फोन कुणाचा हे वर्गात जाहीर करू नका.

गटात कामं वाटा: एकाने शोधायचं, एकाने लिहायचं, एकाने पुस्तकाशी ताडायचं, एकाने वर्गात सांगायचं. आठवड्याने कामं फिरवा. ज्याच्या घरचा फोन आहे त्यालाच शोधायचं काम कायम दिलं की बाकीचे तिघे प्रेक्षक. मुलींचे गट शक्यतो एकाच ओळीतल्या घरांचे ठेवा; संध्याकाळी सातनंतर गावाच्या दुसऱ्या टोकाला कोणी पाठवत नाही, आणि त्या गैरहजेरीला 'आळशीपणा' म्हणणं अन्यायाचं.

फोनवरचा गृहपाठ आठवड्यातून एकच. मुदत एका रात्रीची नको, किमान तीन दिवसांची द्या, म्हणजे रिचार्ज संपलेल्या घरालाही वेळ मिळतो. प्रत्येक कामाला कागदावरचा पर्याय ठेवा आणि दोन्हीला गुण सारखे.

८. पालकांचा ग्रुप आणि शिस्त

व्हॉट्सअॅप ग्रुप पालकांचा करा, मुलांचा नको. 'फक्त अॅडमिन संदेश पाठवू शकतील' ही सेटिंग पहिल्याच दिवशी लावा. नाहीतर सकाळी सुप्रभातचे फुलांचे फोटो, दुपारी बियाण्यांच्या जाहिराती आणि निवडणुकीच्या हंगामात हाणामारी. संध्याकाळी सात वाजता एकच संदेश: आज काय झालं, उद्या काय आणायचं. ज्यांना वाचायला अडचण आहे अशा पालकांसाठी तोच संदेश तुमच्या आवाजात, अर्ध्या मिनिटाचा. अमळनेरच्या प्रताप हायस्कूलच्या छात्रालयात साने गुरुजी मुलांसाठी हस्तलिखित दैनिक काढायचे. रोज थोडं आणि ठरल्या वेळी, ही शिस्त तिथून उचलावी.

सक्तीचे नियम तीनच ठेवा, पण पाळा. नापास झालेल्याची, रडणाऱ्याची, उभं केलेल्या मुलाची फीत कधीही काढायची नाही. मुलींचे फोटो पालकांच्या लेखी संमतीशिवाय कुठेही टाकायचे नाहीत, शाळेच्या पानावरसुद्धा. विद्यार्थ्याशी खासगी चॅट करायचं नाही. काही सांगायचं असेल तर पालकांच्या फोनवर, पालकांना कळेल असं.

कधी एखादी मुलगी येऊन हळूच सांगते की कुणीतरी तिचा फोटो बदलून फिरवतोय. त्या क्षणी "तू फोटो टाकलाच कशाला" हे वाक्य गिळा. स्क्रीनशॉट जपून ठेवायला सांगा, तो स्वतः कुणालाही पुढे पाठवू नका. मुख्याध्यापकांना लगेच सांगा, मुलीच्या विश्वासातल्या मोठ्या माणसाला बोलवा. चाइल्ड हेल्पलाइन १०९८, सायबर फसवणुकीसाठी १९३०. हे दोन्ही नंबर वर्गाच्या दारामागे मोठ्या अक्षरांत लिहून ठेवा. लैंगिक स्वरूपाचं काही असेल तर पोक्सो (बालकांच्या लैंगिक शोषणाविरुद्धच्या) कायद्याखाली पोलिसांना कळवणं आपल्यावर बंधनकारक आहे. गावात बसून 'मिटवून' टाकायचा दबाव येतो, त्याला बळी पडू नका.

९. टाचण, लिंका आणि बदली

दैनिक टाचणात (रोजच्या पाठाच्या नोंदीत) 'शैक्षणिक साधन : मोबाईल' एवढंच लिहू नका. कोणती फीत, किती मिनिटं, कोणत्या प्रश्नासाठी, एवढं एका ओळीत लिहा. केंद्रप्रमुख आले की तेच दाखवता येतं, आणि पुढच्या वर्षी तुमचं निम्मं काम वाचतं.

वर्गातून दोन-तीन मुलं-मुली तंत्रमित्र म्हणून निवडा. केबल जोडणं, आवाज तपासणं, तास संपल्यावर प्लग काढणं त्यांच्याकडे. अभ्यासात मागे असलेला पण तारांमध्ये रमणारा पोरगा यात हमखास सापडतो. त्याला आधी घ्या. तुमच्यापेक्षा त्याला जास्त येत असेल तर वर्गासमोर विचारून घ्या. त्याने शिक्षकाचा मान कमी होत नाही, हे आठवडाभरात कळेल.

वेळ कुठून काढायचा, हा खरा प्रश्न आहे आणि त्याला गोड उत्तर नाही. रोज कुठली ना कुठली लिंक भरायची असते, फोटो अपलोड करायचे असतात, मधूनच प्रशिक्षण लागतं. त्यामुळे महिन्याला एकच पाठ नव्या पद्धतीने बसवा. वर्षाला दहा होतात. शेजारच्या शाळेतल्या त्याच विषयाच्या शिक्षकाशी अदलाबदल केली की वीस. शिक्षण परिषदेच्या दिवशी चहाच्या वेळात पेनड्राइव्ह फिरवा, औपचारिक सत्रापेक्षा तिथे जास्त पदरात पडतं.

बदली झाली की शाळेच्या ई-मेल खात्याचा, दीक्षाचा आणि टीव्हीच्या लॉकचा पासवर्ड बंद पाकिटात घालून मुख्याध्यापकांच्या ताब्यात द्या, पोच घ्या आणि डेडस्टॉक रजिस्टरवर सही करूनच निघा. पेनड्राइव्हची एक प्रत शाळेच्या संगणकावर विषय आणि इयत्तेनुसार फोल्डर करून ठेवा. ओटीजी तेवढा सोबत न्या, नव्या शाळेत तो मिळेलच असं नाही.